पडत्या छर्ऱ्याचा आलेख: नाशिकला ९.७८ का यायला हवं आणि का येत नाही

नाशिकमध्ये गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, मोजलं तर उत्तर ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवं, ९.८१ नाही. ९.८१ ही ४५ अंश अक्षांशाच्या आसपास, समुद्रसपाटीला मिळणारी किंमत. ९.८०६६५ हा आकडा तर १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवून घेतलेला, तो कुठल्याच गावाचा नाही. नाशिक २० अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. अक्षांशाने किंमत ९.७८६ होते आणि उंची त्यातून साधारण ०.००२ कापून घेते. जर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या प्रयोगवहीत, ९.८ ‘बसवण्यासाठी’ वाचनं मागाहून दुरुस्त करणाऱ्यांनी निदान योग्य आकड्याकडे तरी बसवावीत.

पण नुसता आकडा हातात असून उपयोग नाही. समजा ९.४ आला. हवेने अडवलं, पट्टी चुकली की घड्याळ मागे पडलं? एका आकड्यावरून ते कळत नाही, आलेखावरून कळतं. प्रत्येक चुकीचा आलेखावर आपला वेगळा ठसा उमटतो. म्हणून खाली मोजणीइतकीच जागा आलेख वाचण्याला दिली आहे.

रीत साधी: वस्तू पाडायची, फोनने चित्रित करायची आणि संगणकावर एकेका फ्रेममध्ये तिची जागा वाचायची. पाडायची वस्तू म्हणजे २५ मिलिमीटरचा पोलादी छर्रा. सातपूर-अंबडकडे बेअरिंगच्या दुकानांत सुटा मिळतो, वजन ६४ ग्रॅमच्या आसपास. तो चकचकीत असतो ही त्याची एकच खोड. उन्हात त्याच्यावर जो पांढरा ठिपका चमकतो तो छर्ऱ्याच्या मध्याशी नसतो, आणि सॉफ्टवेअर नेमका तोच ठिपका पकडतं. तेव्हा नारिंगी किंवा पिवळा मॅट रंग एक हात मारून घ्या. नेलपॉलिश चमकतं, ते नको. मागे गडद चादर. खाली वाळूची बादली किंवा घडी केलेली गोधडी ठेवायची, नाहीतर पहिल्याच फेकीत फरशीचा टवका उडतो.

हाताने सोडू नका. बोटं एकाच क्षणी सुटत नाहीत, छर्रा बाजूला ढकलला जातो आणि सुरुवात नेमकी कुठे झाली ते फ्रेममध्ये दिसत नाही. सेलोटेपने छर्ऱ्याला शिवणाचा दोरा चिकटवा, वर खिळ्याला टांगा, झोका पूर्ण थांबू द्या आणि लायटरने दोरा जाळा. विद्युतचुंबक वापरायचा असेल तर चुंबक आणि छर्रा यांच्यामध्ये कागदाचा तुकडा ठेवा आणि छर्रा जेमतेम धरला जाईल एवढाच प्रवाह द्या. प्रवाह तोडल्यावरही लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं आणि छर्रा काही मिलिसेकंद चिकटून राहतो. स्विचपासून वेळ मोजणाऱ्या जुन्या मांडणीत ही मोठी चूक ठरते. व्हिडिओत ती आपोआप बाद होते, कारण तिथे स्विच कधी दाबला याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं.

मापासाठी पीव्हीसी पाइपावर इन्सुलेशन टेपच्या दोन पट्ट्या लावा, त्यांच्या वरच्या कडांमध्ये बरोबर १.५०० मीटर. टेलरची टेप ताणली जाते, गवंड्याची स्टीलची टेप घ्या. पाइप ओळंब्याला समांतर उभा करा. तो छर्ऱ्याच्या मागच्या भिंतीला टेकवू नका, छर्रा ज्या प्रतलात पडणार त्याच प्रतलात ठेवा. ही सर्वांत जास्त होणारी चूक. कॅमेरा छर्ऱ्यापासून ३ मीटरवर आणि पट्टी २० सेंटिमीटर मागे असेल, तर पट्टी लहान दिसते आणि छर्ऱ्याचं प्रत्येक अंतर ३.२ भागिले ३, म्हणजे सुमारे ६.७ टक्के जास्त वाचलं जातं. उत्तर १०.४ येतं आणि लोक स्प्रेडशीटमध्ये चूक शोधत बसतात.

कॅमेरा फोनचाच. स्लो मोशनला २४० फ्रेम मिळाल्या तर उत्तम, ६० मिळाल्या तरी काम होतं. १.५ मीटर पडायला ०.५५४ सेकंद लागतात, म्हणजे २४० ला सुमारे १३३ फ्रेम, ६० ला ३३. फोन स्टँडवर, पडण्याच्या मध्याच्या उंचीवर, ३ मीटर किंवा जास्त अंतरावर. मुख्य भिंग वापरा. रुंद दृश्याचं भिंग कडांना चित्र दाबतं, ते इथे निरुपयोगी.

फोन उभा धरायचा की आडवा? उभा. उंचीला जास्त पिक्सेल मिळतात हे एक कारण, पण खरं कारण दुसरं आहे. फोनचा सेन्सर अख्खं चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. आडव्या फोनमध्ये ही वाचणी वरून खाली जाते. छर्राही खाली जात असतो, त्यामुळे तो जसजसा खाली येतो तसतसा फ्रेमच्या नोंदलेल्या वेळेपेक्षा उशिरा टिपला जातो. उत्तरात एक-दोन टक्क्यांचा फरक इथेच पडतो. फोन उभा केला की ओळी उभ्या होतात, वाचणी डावी-उजवीकडे सरकते आणि छर्रा सगळा वेळ जवळपास त्याच ओळींत राहतो. चूक मुळातच उरत नाही.

उजेड भरपूर हवा. शेवटी छर्ऱ्याचा वेग ५ मीटर प्रति सेकंदाच्या पुढे जातो; १/२४० सेकंदाच्या एक्स्पोजरला तो २ सेंटिमीटर लांब शेपूट बनतो, १/२००० ला अडीच मिलिमीटर. खोलीत ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी असेल तर आणखी एक त्रास. ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, २४० फ्रेममध्ये चित्र उजळ-अंधुक होत राहतं आणि ऑटोट्रॅकर, म्हणजे सॉफ्टवेअरची छर्रा आपोआप शोधणारी सोय, छर्रा सोडून चादरीची घडी पकडतो. गच्चीवर सकाळचं ऊन सर्वांत चांगलं. नाशिकला दुपारनंतर गच्चीवर वारा असतो. छर्ऱ्याला तो हलवत नाही, पण दोरा आणि चादर हलवतो, आणि प्लास्टिकच्या चेंडूला तर घेऊनच जातो.

संगणकावर ‘ट्रॅकर’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, डग्लस ब्राउन यांनी बनवलेलं. व्हिडिओ उघडल्यावर सगळ्यात आधी क्लिप सेटिंग्जमध्ये जाऊन फ्रेमचा खरा दर भरा. स्लो मोशनची फाइल बऱ्याचदा ३० फ्रेमची म्हणून साठवलेली असते. २४० सांगितलं नाही तर प्रत्येक वेळ ८ पट लांबते आणि त्वरण ६४ पट कमी येतं. ०.१५ दिसलं की समजावं, दर भरायचा राहिला. उलट, फोन २४० म्हणतो पण खरा १२० च देतो, असं असेल तर ३९ येईल. फोन खरं बोलतोय का हे तपासायला दुसऱ्या फोनवरचं स्टॉपवॉच १० सेकंद चित्रित करा आणि फ्रेम मोजा. हे एकदाच करायचं असतं, आणि ते टाळून चालत नाही: दरात १ टक्का चूक म्हणजे उत्तरात २ टक्के, कारण वेळ वर्गात जाते.

मग मापाची काठी पाइपाच्या दोन पट्ट्यांवर बसवा, मूळबिंदू छर्ऱ्याच्या जागी, अक्ष खालच्या दिशेला, आणि छर्ऱ्याच्या मध्याला ट्रॅक करा. हवेचा परिणाम नगण्य धरून, दर १२ व्या फ्रेमला म्हणजे दर ०.०५ सेकंदाला, छर्रा किती सेंटिमीटर उतरलेला असायला हवा ते असं:

०.०५ से. — १.२
०.१० से. — ४.९
०.१५ से. — ११.०
०.२० से. — १९.६
०.२५ से. — ३०.६
०.३० से. — ४४.०
०.३५ से. — ५९.९
०.४० से. — ७८.२
०.४५ से. — ९९.०
०.५० से. — १२२.३
०.५५ से. — १४७.९

लागोपाठच्या दोन आकड्यांची वजाबाकी करा: १.२, ३.७, ६.१, ८.६, ११.०... पहिल्या तुकड्याच्या १, ३, ५, ७, ९ पट. गॅलिलिओने उताराच्या पाटावर गोळा सोडून, पाण्याच्या घड्याळावर वेळ मोजून सांगितलेला विषम संख्यांचा नियम हाच. त्याचं पुस्तक १६३८ सालचं. सरळ पडणारा गोळा मोजण्याइतकं जलद घड्याळ नव्हतं, म्हणून त्याने पाट तिरका करून गती मंदावली. आपण कॅमेरा लावून तेच करतो.

आता गोची. वाचनात १ मिलिमीटरची चूक होणारच. उभ्या फोनमध्ये १९२० पिक्सेलमध्ये २ मीटर बसवले तर एक पिक्सेलच तेवढा असतो. लागोपाठच्या दोन फ्रेममधून वेग काढला तर ही चूक २४० ने गुणली जाते आणि वेगात ०.३४ मीटर प्रति सेकंदाचा गोंधळ माजतो. तीन लागोपाठच्या फ्रेममधून त्वरण काढलं तर २४० च्या वर्गाने गुणायचं, म्हणजे ९.७८ च्या भोवती १४० चा गोंधळ. ट्रॅकरमध्ये त्वरणाचा स्तंभ उघडून त्यातले उणे ८० आणि अधिक १३० पाहून घाबरणारे पुष्कळ आहेत. तो स्तंभ पाहायचाच नाही. याच १३३ बिंदूंमधून एक परवलय, म्हणजे वेळेच्या वर्गाने वाढणारा वक्र, बसवलं तर गोंधळ ०.०१ वर येतो. डेटा तोच, फोन तोच. फरक फक्त बिंदू एकेकटे वाचायचे की सगळ्यांना मिळून एक वक्र द्यायचा, एवढाच.

वेग काढताना एक सोय आहे. त्वरण स्थिर असेल तर दोन क्षणांमधला सरासरी वेग हा त्यांच्या बरोबर मधल्या क्षणाचा खरा वेग असतो, अंदाजे नव्हे, नेमका. म्हणून ०.१० सेकंदाचा वेग हवा तर ०.१५ च्या अंतरातून ०.०५ चं वजा करून ०.१० ने भागा: ११.०० वजा १.२२, उत्तर ९७.८ सेंटिमीटर प्रति सेकंद. ०.५० ला ४८९. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र एकदा लिहून खाली ओढायचं, मग वेग आणि वेळ या दोन स्तंभांवर ‘स्लोप’ फंक्शन; रेघेचा हा उतार म्हणजेच त्वरण. पुष्कळ जण हा वेग मधल्या क्षणाऐवजी शेवटच्या क्षणासमोर मांडतात. रेघ अर्धा तुकडा उजवीकडे सरकते, उतार मात्र तोच राहतो, त्यामुळे उत्तर वाचतं. अंतर आणि वेळेचा वर्ग यांच्या आलेखात अशी सूट मिळत नाही.

तो आलेख, म्हणजे अंतर उभ्या अक्षावर आणि वेळेचा वर्ग आडव्या अक्षावर, जर्नलमध्ये सगळीकडे असतो. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. तो सरळ यायला शून्य क्षण अचूक माहीत हवा, आणि नेमका तोच माहीत नसतो, कारण सुटल्यावर पहिल्या तीन फ्रेममध्ये छर्रा एक मिलिमीटरही हलत नाही. सुरुवात तीन फ्रेमने चुकली की अर्ध्या सेकंदाच्या पडण्यात उत्तर साडेचार टक्क्यांनी हलतं, शिवाय रेघ किंचित वाकते आणि त्या वाकण्याचा दोष हवेच्या माथी जातो. वेग-वेळ आलेखात शून्य कुठेही धरा, रेघ फक्त सरकते. अंतर भागिले वेळ उभ्या अक्षावर आणि वेळ आडव्या अक्षावर घेतली तरी चालतं, फक्त दोन्ही एकाच बिंदूपासून मोजायची: उतार त्वरणाचा निम्मा, छेद (रेघ उभ्या अक्षाला जिथे कापते ती किंमत) त्या बिंदूवरचा वेग.

आता वेग-वेळ आलेखावरचे ठसे.

रेघ अगदी सरळ, पण उतार चुकीचा: पट्टी किंवा फ्रेमचा दर. दुसरं काही असण्याची शक्यता फार कमी. पट्टी एका पटीत चुकवते, दर वर्गाच्या पटीत, म्हणून ४ पट किंवा ६४ पट असे आकडे दिसले तर दर. ५-७ टक्के दिसले तर पट्टीचं प्रतल.

बिंदू जोडीजोडीने पायऱ्यांसारखे: फोन खऱ्या फ्रेम कमी घेतोय आणि मधल्या स्वतः बनवून घालतोय. मूळ व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेऊन पाहा, एका फ्रेममध्ये दोन फिकट छर्रे दिसतील. अशा फोनमध्ये खालचा दर निवडलेला बरा.

रेघ शेवटाकडे खाली वाकते: हवा किंवा भिंग. कोणतं ते ओळखायला छर्ऱ्यानंतर तीच मांडणी न हलवता टेबल टेनिसचा चेंडू पाडा. फक्त चेंडूची रेघ वाकली तर हवा. छर्ऱ्याचीही वाकली तर भिंग. कॅमेरा मागे घ्या आणि पडण्याची जागा चित्राच्या मधल्या दोन तृतीयांशात ठेवा.

हवेचा हिशेब मात्र सवडीने पाहण्यासारखा आहे. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा, २.७ ग्रॅमचा. त्याचा अंतिम वेग, म्हणजे हवेचा रोध वजनाला तोलून धरतो तेव्हाचा वेग, जेमतेम ९ मीटर प्रति सेकंद. दीड मीटर पडून ५ च्या पुढे पोचला की हवेचा रोध वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत जातो. त्यावर उत्प्लावन, म्हणजे हवेचा वर ढकलणारा जोर: चेंडूने सारलेल्या हवेचं वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या जवळपास भरतं, आणि त्याच्याबरोबर थोडी हवाही ओढली जाते. सगळं मिळून उंची आणि वेळ यांतून काढलेला आकडा ९ च्या आसपास येतो. टेनिसचा चेंडू ९.६५ च्या जवळ, लेदरचा क्रिकेटचा चेंडू ९.७३. छर्ऱ्याला हवा एका हजारांशाइतकी अडवते, ती सोडून दिली तरी चालेल. हे चारही आलेख एकाच कागदावर काढले तर सुरुवातीला सगळ्या रेघा जवळपास एकत्र आणि पुढे पंख्यासारख्या उलगडत जातात. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी यापेक्षा स्वस्त तक्ता सापडायचा नाही.

कॅमेरा नको असेल तर आवाज. ‘फायफॉक्स’ या मोफत ॲपमध्ये ध्वनी-स्टॉपवॉच आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात ते बनलं. स्टुलाच्या कडेवरून बाहेर आलेल्या फूटपट्टीच्या टोकावर छर्रा ठेवा आणि पट्टीला आडवा टोला द्या. टोल्याच्या आवाजाने घड्याळ सुरू, खाली पालथ्या ताटावर आपटल्याच्या आवाजाने बंद. फोन जमिनीवर ठेवला तर सुरुवातीचा आवाज दीड मीटर उतरायला ४.३ मिलिसेकंद घेतो, वेळ तेवढी कमी मोजली जाते आणि उत्तर दीड टक्क्याहून जास्त फुगतं. फोन दोन्ही ठिकाणांपासून सारख्या अंतरावर ठेवा. उंची मोजायची ती छर्ऱ्याच्या तळापासून ताटापर्यंत; मध्यापासून मोजली की साडेबारा मिलिमीटर फुकट वाढतात.

इथे उंची निवडण्याची एक युक्ती आहे: ३६, ६४, १००, १४४ आणि १९६ सेंटिमीटर. मीटरमध्ये यांची वर्गमुळं ०.६, ०.८, १.०, १.२, १.४, म्हणजे आडव्या अक्षावर सारख्या अंतरावर बिंदू. उभ्या अक्षावर वेळ. उतार ०.४५२ यायला हवा, आणि २ ला उताराच्या वर्गाने भागलं की त्वरण. रेघ शून्यातून जात नसेल तर छेद म्हणजे दर वेळी होणारा ठरावीक उशीर किंवा घाई, जसं पट्टी टोल्यानंतर जरा उशिरा निसटणं. उतार त्यापासून अलग राहतो. एकाच उंचीवर दहा वेळा मोजून सरासरी काढण्यापेक्षा पाच उंचींवर दोनदा मोजणं म्हणूनच कामाचं. दहा वेळाची सरासरी तो ठरावीक उशीर तसाच पोटात ठेवते.

हाताच्या स्टॉपवॉचचा विषय इथेच संपवतो. डोळ्याने पाहून बोट दाबायला ०.२ सेकंद जातात, आणि २ मीटर पडायला ०.६४. नको.

प्रयोगशाळेतला टिकर टाइमर अजून बऱ्याच ठिकाणी आहे. दर ०.०२ सेकंदाला एक ठिपका, फीत वजनाच्या मागे खेचली जाते. फितीचं घर्षण ठरावीक असतं, म्हणून ५० ग्रॅमच्या वजनाला जे उत्तर येतं त्यापेक्षा ५०० ग्रॅमला नेहमी मोठं येतं. वजन बदलून उत्तर बदललं तर तो घर्षणाचा ठसा.

उसळणाऱ्या चेंडूचा आलेखही काढून पाहा. धन दिशा वर घेतली तर वेग-वेळ आलेखात प्रत्येक उसळीची रेघ खाली उतरणारी आणि एकमेकींना समांतर, मध्ये आपटल्याच्या क्षणी जवळपास उभी उडी. सर्वोच्च बिंदूला वेग शून्य होतो तिथे रेघ अक्ष ओलांडून सरळ पुढे जाते. तिथे ती सपाट किंवा व्हीसारखी काढणारे वेगाऐवजी चाल काढत असतात. हलका चेंडू असेल तर वर जाताना उतार ९.७८ पेक्षा जास्त आणि खाली येताना कमी दिसतो, कारण वर जाताना हवा गुरुत्वाच्या बाजूने असते. पट्टी चुकली असेल तर दोन्ही उतार सारखेच बिघडतात. हवा आणि पट्टी वेगळी करायला छर्रा नसला तर ही रीत चालते.

विहिरीचं गणित शेवटी, कारण गिरणारे-मखमलाबादकडे द्राक्षाच्या मळ्यांत विहीर दिसली की कोणीतरी खडा टाकतोच. २ सेकंदांनी ‘डुबुक’ आलं तर सरळ सूत्राने १९.५६ मीटर. पण आवाज वर यायलाही वेळ लागतो. तो धरला तर पाणी १८.५ मीटरवर आहे, म्हणजे फरक एक मीटरचा. खडा सुपारीएवढा आणि जड हवा, मातीचं ढेकूळ नको. कानाने ऐकून बोट दाबण्याऐवजी फोनवर आवाज रेकॉर्ड करा. खडा सोडताना काठावर दुसऱ्या दगडाने ‘टक’ करा आणि ध्वनीच्या तरंगचित्रात ‘टक’ ते ‘डुबुक’ मोजा. मध्ये आणखी एखादी उंच रेघ दिसली तर खडा कठड्याला घासून गेला आहे, ते वाचन टाकून द्या.